तारखेच्या दिवशीची एस.टी.

गोदाकाकू गेल्याचा निरोप मला बोरीहून येणाऱ्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरनं आणून दिला. परभणीच्या ज्या शाळेत मी शिकवते तिच्या फाटकाशी तो आला, तिकिटांची पेटी काखेत तशीच, आणि म्हणाला, "बाई, तुमच्या आईनं सांगितलंय. कोर्टवाल्या काकू गेल्या." गावाकडच्या गाड्यांवर त्यांना सगळे कोर्टवाल्या काकूच म्हणत. खरं तर कोर्टाचं काम संपून किती तरी वर्षं झाली होती. मी मुलांना बाकांवर बसवलं, फळा पुसला आणि मग मला कळेना की आता काय करायचं असतं... सकाळी दूध घालणारीनं कडी वाजवली, आतून ओ आली नाही, तेव्हा आईला बोलावलं. रात्री झोपेतच गेल्या असाव्यात. घरात दुसरं कुणी नव्हतं. घरात दुसरं कुणी असण्याची सवयच त्यांची गेली होती.

बोरीत आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत होती. त्यांची संगीता आणि मी एका वर्गात. गावातल्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग होते, पण जिंतूरला एक खासगी शाळा निघाली होती आणि तिथं शिकलेली पोरं पुढं जातात असं सगळ्यांना वाटायचं. काका पंचायत समितीत कारकून होते. "पोरगी शिकायला पायजे," हा त्यांचा हट्ट. काकूंना ती एवढ्या लांब जावी असं वाटत नव्हतं. शेवटी शाळेच्या नावाची मॅटेडोर येते म्हटल्यावर त्या कबूल झाल्या. मागं दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, समोरासमोर. मधल्या जागेत दप्तरं, दप्तरांवर बारकी पोरं. गणपतमामा ड्रायव्हर आमच्याच गावचे, शांत माणूस. मागच्या दाराची कडी मोडलेली होती. मामांनी मालकाला दोनदा सांगितलेलं आमच्यासमोरच. मालक म्हणायचा, "बघू." मग मामा रोज पोरं चढली की दार सुतळीनं बांधायचे, दोन गाठी मारायचे.

दिवाळीनंतरचे दिवस होते. जिंतूरहून परत येताना वळणावर कापसानं भरलेली बैलगाडी एकदम पुढ्यात आली. मामांनी गाडी रस्त्याखाली घेतली. ती उलटली नाही, नुसती कलली आणि थांबली. सुतळी तुटली होती. माझ्या शेजारची जागा रिकामी झाली होती... बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गावातले लोक नंतर पुष्कळ दिवस म्हणत होते, देवाची कृपा, एवढी पोरं वाचली. काकूंच्या समोरही म्हणायचे. त्या ऐकून घ्यायच्या.

चार दिवसांत मॅटेडोरवरचं शाळेचं नाव खरवडून काढलेलं आम्ही पाहिलं. शाळेनं कळवलं, गाडी आमची नव्हे, पालकांनी परस्पर ठरवलेली होती. मालक म्हणाला, गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात होती. विमा कंपनी म्हणाली, या गाडीत पोरं बसवायची परवानगीच नव्हती. प्रत्येकानं आपापल्या अंगावरचं झटकून टाकलं, आणि सगळ्यांचं झटकून झाल्यावर ते जाऊन पडलं मेलेल्या पोरीवर. मालकाच्या वकिलानं लिहून दिलं की मुलगी चालत्या गाडीत उठून उभी होती, दार ढकलून बाहेर हात करत होती. तिचीच चूक.

मालकाची माणसं घरी आली तो दिवस मला आठवतो, कारण भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. त्यांना तडजोड हवी होती. मुलगी उभी होती एवढं मान्य करा, भरपाईचं आम्ही बघतो, फेऱ्या नकोत, वकील नकोत. मग काकूंचा आवाज आला.

"ती उभी नव्हती."

"वैनी, आता उभी असली काय अन् बसली असली काय... पोरगी तर परत येत न्हाई."

"मला फरक पडतो. जी पोरगी गप बसून घरी यायलीती, तिला तुमी दोषी करायलाव. आमी सही करणार न्हाई."

"मधुकरराव, तुमी तरी सांगा."

काका म्हणाले, "करून टाकू गोदे. मला रोज रोज ते ऐकवत न्हाई."

त्या दिवसानंतर त्या दोघांचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. भांडण असं नाहीच. भरपाईच्या दाव्याच्या अर्जावर काकांनी सही केली, पण कोर्टात पाऊल ठेवलं नाही. त्यांना संगीताचं नाव वकिलाच्या तोंडून ऐकणं सोसत नव्हतं, आणि काकूंना ते कुणीच न घेणं सोसत नव्हतं. काकांनी बदली मागून घेतली, पाथरीला खोली केली. सणावाराला यायचे, ओसरीवर पेपर वाचायचे, परत जायचे. गावात काकूंना पोर गेल्याचं दुःख होतं तोवर सगळे आपले होते. कोर्टाची नोटीस निघाल्यावर बायका विहिरीवर त्यांच्याशी जपून बोलू लागल्या. मालक बड्या घरचा, शाळेच्या कमिटीवर त्याचे सोयरे. "पोरीच्या नावानं काय काय करायल्यात," असं कुणीतरी बोललं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं.

तारखेच्या दिवशी त्या पहाटे स्वयंपाक उरकून, नेसूचं धुवट लुगडं, हातात पिशवी, अशा फाट्यावर जाऊन उभ्या राहायच्या. आणि गंमत म्हणू की काय म्हणू, त्यांच्यापासून दहा हात लांब, लिंबाखाली गणपतमामा उभे असायचे. एकच तारीख, एकच गाव, एकच एस.टी. ज्याच्याविरुद्ध दावा तो आणि जिनं दावा केला ती, दोघंही परभणीला जाणार त्याच गाडीनं. मालक आपल्या जीपनं जायचा. मामांना कधी घेऊन गेला नाही. काकू पुढच्या बाजूला बसायच्या, मामा अगदी मागं. गाडीत जागा नसली तर मामा उभे राहायचे आणि काकूंच्या शेजारची जागा रिकामी असली तरी तिथं बसायचे नाहीत. असं वर्षानुवर्षं. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. कधी मोर्चा, कधी बंद, कधी अर्ध्या वाटेतून गाडी परत. तारीख पुढं जायची. मग ती दोघं परभणीच्या स्टँडवर दोन वेगवेगळ्या बाकांवर परतीच्या गाडीची वाट बघत बसलेली असायची. काकूंना या जगात आपलं काय चाललंय हे नीट ठाऊक असलेला माणूस तो एकच होता, आणि त्याच्याशी त्या बोलत नव्हत्या.

माझी साक्ष निघाली तेव्हा मी शाळा बदलून गावातच शिकत होते. बाबांची इच्छा नव्हती. आई म्हणाली, "पोरगी खरं सांगायला जायलीय, चोरी करायला न्हाई." मी काकूंबरोबर निघाले. त्यांनी मला खिडकीशी बसवलं, आणि गाडीनं ब्रेक लावला की त्यांचा हात आडवा माझ्या छातीवर यायचा. प्रत्येक वळणाला. स्वतः पुढच्या दांडीवर आपटल्या तरी तो हात हलायचा नाही. त्यांना ते कळतही नसावं.

वाटेतल्या झरी गावाच्या अलीकडे गाडी बंद पडली. सगळे उतरून झाडाखाली बसले. काकूंनी भाकरीचं फडकं सोडलं, मला भाकरी दिली, स्वतः घेतली, आणि मग बराच वेळ हातातल्या उरलेल्या भाकरीकडे बघत राहिल्या. मामा बांधावर पाठमोरे बसले होते. काकू उठल्या, त्यांच्यापाशी गेल्या. मीही मागं गेले.

"गणपतराव, खाऊन घ्या."

मामा दचकून उभेच राहिले. भाकरी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, पण खाल्ली नाही.

"एक विचारते," काकू म्हणाल्या. "तुमच्या आरशात मागचं दिसायचं. माझी पोरगी उभी होती का?"

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "न्हाई वैनी. बसलेली होती. या उषीला टेकून बसलीती."

"मग तसं तितं सांगा."

"मालक म्हणायलाय, तसं सांगितलं तर तुझी फौजदारी तूच निस्तर. माझ्या घरात बी लेकरं हायेत वैनी."

"हायेत ना," काकू म्हणाल्या. "मला ठावं हाय." एवढंच. रागानं नाही. परत येऊन त्यांनी फडकं झटकलं, घडी घातली.

कोर्टात माझी साक्ष लवकर आटोपली. दार कशानं बांधलं होतं, किती मुलं होती, संगीता कुठं बसली होती. मी सांगितलं. विरुद्ध बाजूचा वकील हसून म्हणाला, लहान मुलगी आहे, शेजारीण आहे, शिकवून आणलंय. त्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा काकू म्हणाल्या, "तू बोललीस ते बास हाय." पण ते बास नव्हतं, हे मलाही कळत होतं. कोर्टाचा जिना उतरताना त्यांनी आमच्या वकीलसाहेबांना विचारलं होतं, पेपरात आलंय, परदेशात पोरांना गाडीत पट्ट्यानं बांधून बसवतात म्हणे, आपल्याकडं तसला कायदा हाय का? वकीलसाहेब चांगला माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "नाही हो काकू. गाडीत किती माणसं बसवायची ते कायद्यात आहे. मुलांना धरून कुणी ठेवायचं, ते नाही."

गणपतमामांची जबानी पुढच्या तारखेला झाली. मी नव्हते, वकीलसाहेबांनी नंतर सांगितलं. मालकाच्या वकिलानं विचारलं, मुलगी उभी होती हे खरं ना? मामांनी समोरच्या न्यायाधीशसाहेबांकडे बघितलं. मग म्हणाले, "न्हाई साहेब. पोरगी बसलेली होती. कडी मोडलेली होती, मालकाला ठावं होतं. सुतळी मी बांधलीती. गाठ माझी होती." साहेबांनी विचारलं, मुलांना धरायला आत काही होतं का? मामा म्हणाले, "एकमेकाला धरायची, साहेब."

त्या एका जबानीनं दावा फिरला. मामांना फौजदारीत शिक्षा झाली, फार नाही, पण झाली. पुन्हा त्यांनी कुठलीही गाडी हातात धरली नाही; दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे. निकाल लागला त्यात मालक आणि ड्रायव्हर दोघं जबाबदार धरले गेले, विमा कंपनीलाही सोडलं नाही. शाळा मात्र सुटली. गाडी तिची होती असा कागद नव्हता आणि खरवडलेला रंग काही पुरावा होत नाही. वकीलसाहेब म्हणाले, वर अपील करू. काकूंनी विचारलं, "संगीताबद्दल काय लिहिलंय?" त्यांनी वाचून दाखवलं: मयत मुलीचा कोणताही दोष दिसून येत नाही. काकूंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "झालं. आता वर न्हाई जायचं."

लोकांना वाटलं, बाई आता मोकळी झाली. मलाही वाटलं होतं. पण खरा एकटेपणा त्यानंतर आला. इतकी वर्षं त्यांना कुठंतरी पोचायचं होतं, कुणीतरी पट्टेवाला संगीताचं नाव पुकारायचा, त्या नावाला ओ द्यायला त्या उभ्या राहायच्या. ते थांबलं. मी परभणीला डी.एड. करायला गेले, नोकरी लागली. सुट्टीत गेले की त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसायचं, चहा प्यायचा. त्या फारसं बोलायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "उषे, दिवस लय लांब झालाय गं." मी म्हटलं, माझ्याकडं या परभणीला राहायला. म्हणाल्या, "येईन की." त्या आल्या नाहीत. मागच्या संक्रांतीला गेले तेव्हा विद्यापीठाचं नाव बदलल्याच्या बातम्यांनी रेडिओ भरला होता. त्यांनी त्याचा आवाज लहान केला आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. तीच शेवटची भेट.

तेराव्याला काका होते. पाथरीहून सामान आणलं नव्हतं, नुसती एक पिशवी. गणपतमामा आले, दारातच थांबले. काकांनी सतरंजीवर सरकून त्यांना जागा दिली. जेवणं झाली, माणसं पांगली, आई भांडी घासायला मागं गेली. स्वयंपाकघरात मी आणि काकाच उरलो. काका भिंतीला टेकून बसले होते. मिशी पांढरी झाली होती. एकदम म्हणाले,

"उषा, तू तिच्या शेजारी बसलीतीस ना... तवा ती काय बोलायलीती का?"

कोर्टात मला सगळं विचारलं होतं, हे तिथं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. गॅदरिंगमध्ये तिला हवालदाराचं काम मिळालं होतं, त्याच आनंदात ती होती. आईच्या काजळाच्या डबीतून मिशी काढणार होती, आईला न सांगता. "म्हणाली, बाबांसारखी काढीन. टोकं वर वळवलेली."

काका हसले. आवाज न करता, खांदे हलेपर्यंत हसले, आणि मग चेहरा धोतराच्या सोग्यात धरून बसले. सोगा खाली करून विचारलं, "हिला ठावं होतं?"

"हो काका. मी सुट्टीला आले की दर वेळी सांगायला लावायच्या."

"मला न्हाई सांगितलं कदी." आणि मग, "मी बी न्हाई विचारलं."

ते उठले. म्हणाले, चहा करतो, तू बस. मी उठायला लागले तर हातानंच मला खाली बसवलं. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, आणि फळीवरचे डबे एकेक करून उघडू लागले. एकात डाळ, एकात शेंगदाण्याचा कूट, एकात रवा. प्रत्येक डब्याचं झाकण काढायचे, आत थोडा वेळ बघायचे, परत जिथला तिथं ठेवायचे. साखर कुठल्या डब्यात असते ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.