एका भाकरीचे तीन पत्ते

मी वेबसाइटी बांधतो. कर्नाटकात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या नौबादला, एका गिरणीच्या वरच्या खोलीत. तिथला पंखा इतका सावकाश फिरतो, की त्याच्या पात्यांवर कोळ्यानं जाळं विणून पिल्लंही वाढवली. या धंद्यानं मला असं दमवलंय की हल्ली जांभईसुद्धा अर्धीच देतो, उरलेली उद्यावर ठेवतो. त्यातही हाडं मोडली ती अक्काच्या कामानं.

अक्का माझी लांबची बहीण, बसवकल्याणला असते. तिच्याकडं बायका कडक भाकरी थापतात. भाकरी अशी, की बसवकल्याणात मोडली तर हुमनाबादची कुत्री भुंकतात. महिनोन् महिने टिकते, म्हणून परदेशातही जाते. पण जाते ती हैदराबादच्या एका व्यापाऱ्याच्या नावानं. त्याचा टेम्पो येऊन सुटी भाकरी भरून न्यायचा, आणि तो ती आपल्या नावाच्या पिशवीत घालून दुबई-मस्कतला धाडायचा. तिकडं कुणी जेवताना वाहवा केली तर ती त्याच्या खात्यात. अक्काला हे सलत होतं. परदेशातल्या माणसानं आपल्या बोलीत भाकरी शोधली तर तो व्यापारी न सापडता आपण सापडावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

“मराठीत शोधू दे, कन्नडमधी शोधू दे, इंग्लिशमधी शोधू दे,” ती म्हणाली, “आपलंच दार उघडलं पायजे.”

“मग तीन दारं करू.”

“तीन कामून? दार एकच ठेव. आलेल्याचं तोंड बघून आपण बोलतो न्हाई का?”

बोलतो. आमच्या भागात दुकानदार गिऱ्हाइकाला भाषा कधी विचारत नाही. पायरीवर पाय पडायच्या आत टोपी, चेहरा, लुगड्याचा काठ बघून तो ठरवून टाकतो, कुणाला ‘या’ म्हणायचं, कुणाला ‘बर्री’, कुणाला ‘आइए’. विचारलं तर समोरच्याला परकं केल्यासारखं होतं. मलाही हे पटलं. मी असा एकच पत्ता बांधला की माणूस कुठून आलाय ते ओळखून पान आपसूक भाषा बदलायचं. महाराष्ट्रातून आला तर मराठी, कर्नाटकातून आला तर कन्नड, बाकी सगळ्या जगाला इंग्लिश. स्वतःच्या हुशारीनं माझं डोकं असं फुगलं की खोलीच्या दारातून आडवं होऊन बाहेर पडावं लागायचं.

अक्काची नणंद उमरग्याला असते. अक्काकडून बसमध्ये बसलं आणि एक डुलकी काढली की उमरगा येतं, फक्त मध्ये राज्याची हद्द लागते. अक्कानं तिला फोनवर पत्ता सांगितला.

“वहिनी, मराठी झ्याक लिवलंय,” नणंद म्हणाली.

“मराठी कुठलं? कन्नड हाय. माझ्या डोळ्यापुढं हाय.”

“माझ्याबी डोळ्यापुढंच हाय.”

“वन्सं, चष्मा लावा.”

“लावूनच बसलेय. तूच दुसऱ्या कुणाचं दुकान बघायलीस.”

पुढं बरेच दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि दोघीही माझ्याशी मात्र भरपूर बोलल्या.

त्याहून वाईट बातमी दुबईहून आली. नणंदेची लेक तिथं असते. तिनं मराठीत ‘कडक भाकरी’ शोधली. “मामी, तुझा पत्ताच न्हाई. हैदराबादवालाच येतोय.”

कारण शोधण्यात माझे उरलेसुरले केस खर्ची पडले. सर्चचं एक यंत्र पाहुण्यासारखं जगभर हिंडून पानं वाचतं; ते वाचतं तेच लोकांना सापडतं. हा पाहुणा येतो तो बहुतेक अमेरिकेकडून. माझ्या हुशार पानानं त्याला परदेशी ओळखून दर वेळी इंग्लिशच वाढलं. मराठी आणि कन्नड आत झाकलेलीच राहिली. त्याच्या लेखी ती नव्हतीच.

“मग सांग की त्याला, बाबा, आत आणखी हाय म्हणून,” अक्का म्हणाली.

“अक्का, त्याला तोंडच न्हाई. तू बघून ओळखणार काय?”

उपाय जुनाच होता: नाव एक, पण पुढं तिरपी रेघ मारून प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता. अक्का ऐकेना. “म्हणजे दारातल्या पाहुण्याला मी इचारू, तू कोणत्या बोलीचा? लाज न्हाई वाटत?” या वादात इतका चहा उकळला की गल्लीतल्या म्हशी आटल्या. शेवटी ठरलं, कुणाला विचारायचं नाही आणि कुणाला ढकलायचंही नाही. जो ज्या पत्त्यावर येईल त्याला तेच पान. वर फक्त बारीक ओळ, की हेच मराठीतही आहे, कन्नडमध्येही आहे, ज्याच्या त्याच्या लिपीत.

मग खरी हमाली सुरू झाली. प्रत्येक पानाच्या पोटात लिहावं लागतं की माझी भावंडं अमुक पत्त्यावर राहतात, आणि भावंडांनीही उलटून तसंच सांगावं लागतं. हे सोयरिकीसारखं आहे. एकाच घरानं ‘आम्ही सोयरे’ म्हणून भागत नाही, दुसऱ्यानंही म्हणावं लागतं. नाहीतर सर्च ते नातं मानत नाही. भाषेपुढं देशाचं नावही लिहिता येतं, म्हणजे पान त्याच देशात आधी दिसतं; पण मराठीपुढं मी ते लावलं नाही. उमरग्याची आणि दुबईची मराठी एकाच भाकरीला भुकेली आहे. एकेक पान जोडताना पाठीचा कणा वाळून भाकरीसारखा कडक झाला.

आणि मग वाट बघणं. तो पाहुणा परत येईस्तोवर बसवकल्याणचा किल्ला झिजून सपाट होईल असं वाटायला लागलं. शेवटी एका दुपारी मी अक्काकडंच बसलो होतो, तेव्हा तिच्या दुबईच्या भाचीचा फोन आला.

“मामी, दिसायलीस. शेजारच्या कलबुर्गीवालीनं कन्नडमधी शोधलं, तू पहिली. मराठीत त्या हैदराबादवाल्याच्या खाली.”

“किती खाली?”

“लगेच खाली.”

अक्कानं फोन ठेवला. पुढच्या वेळी टेम्पो आला तेव्हा निम्मी भाकरी तिनं आपल्या नावाच्या पिशव्यांत बांधून भिंतीशी रचली होती.

“अक्का, बाकीचा माल?” ड्रायव्हरनं विचारलं.

“बाकीचा माझा हाय.”

“मालक इचारतील की.”

“इचारू दे. शोध म्हणावं, सापडंल.”

टेम्पो अर्धा रिकामा, खडखडत गेला. मी ज्वारीच्या पोत्यावर टेकलो, डोळे मिटले. अक्का शेजारी येऊन उभी राहिली.

“त्या हैदराबादवाल्याच्या गावात तेलुगू लोक लई हायेत, व्हय? तेलुगूचं दार कवा करायलास?”

मी डोळे उघडले नाहीत.