जिन्याखालची टी

अकोल्यात मोठ्या काचेच्या टाकीत मासे पाळणं हा तसा माजच. नळ कधी येईल याचा नेम नसतो, आणि आला की गल्लीतली बाकीची कामं थांबतात. तरी मी हॉलची एक भिंत अडवून मासे आणले. बायकोनं एकच अट घातली होती. "ठेवा तुमचे मासे. पण माझ्या टाकीतलं टिप्पूसही नाई भेटणार." मी बरं म्हणालो. मग पाणी कुठून आणणार, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

घरात खाली आम्ही, वर धाकटा भाऊ आणि त्याची बायको. मोटर एकच. नळ आला की आधी गच्चीवरची आमची टाकी भरायची, मग कॉक फिरवून त्यांची. त्यांचा पाइप जातो आमच्या जिन्याखालून. त्याला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावली, तर त्यांची टाकी भरता भरता थोडं पाणी माशांकडे वळवता येईल, एवढं माझ्या डोक्यात आलं आणि मग ते तिथून गेलंच नाही.

सामान घ्यायला अमरावती गाठली. नोकरीमुळे तिथं माझं रोजचं जाणं-येणं. पण खरं कारण असं की अकोल्याच्या आमच्या दुकानदाराची धाकट्याशी दोस्ती. अमरावतीच्या दुकानदारानं आधी पितळी व्हॉल्व्ह पुढं ठेवला. जिंदगीभर पाहायचं काम नाही म्हणाला. मी नको म्हटलं. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं, माशांना बाधतं, हे मी वाचून ठेवलं होतं. तो म्हणाला, "एवढी काळजी त साहेब आमी घरच्याइची नाई करत." मी हसलो.

प्लास्टिकचा व्हॉल्व्ह घेतला, तोही छोट्या कानाचा. लांब दांडी जिना चढता-उतरता कुणालाही दिसली असती. युनियन घेतलं, म्हणजे पाइप न कापता फिरवून खोलता येतो असा जोड. दुकानदाराला मी फार पुढचा विचार करणारा वाटलो. मी पुढचाच विचार करत होतो: कुणाला संशय आलाच, तर ते पटकन काढून टाकता यावं.

वरची मंडळी मोझरीला दर्शनाला गेली, त्या दिवशी मी पाइप कापला. टीमधून निघालेली नळी माशांच्या टाकीखालच्या कपाटात ठेवलेल्या ड्रमपर्यंत नेली. नळाचं पाणी माशांना देण्याआधी क्लोरीन उडण्यासाठी थोडा वेळ तसंच ठेवावं लागतं. जोडापुढे जुन्या गोण्या लावल्या.

उन्हाळा लागला तसं वरचं पाणी लवकर सरू लागलं. धाकट्याला वाटलं, बायकोचं लक्ष नसतं. एका सकाळी त्याचा आवाज खाली आला, "नळ आला तवा तू काय करून राहिली होती? आपलीच टाकी काहून भरत नाई?" मी जिन्याखाली वाकलेला होतो आणि माझा हात व्हॉल्व्हवर होता. मी तो हळूच बंद केला, आवाज होऊ नये म्हणून. पुढच्या नळाला पुन्हा उघडला. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

मग मूर्तिजापूरहून, धाकट्याच्या बायकोच्या माहेरून, भाचीच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, बोलावणं आलं. धाकटा म्हणाला, मी एकटा जाऊन येतो, तू पाणी भरायला थांब. हे बायकोनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं. मी उठलो.

मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, आणि भासराही खाकरल्याशिवाय जिना चढत नाही. मी खाकरलो. ती स्वयंपाकघरात गेली.

"या भाऊ, बसा," धाकटा म्हणाला.

बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. टी, व्हॉल्व्ह, गोण्या, सगळं. मध्येच माशांचं काहीतरी सांगायला लागलो होतो, ते गिळलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून तिचा आवाज आला. नवऱ्याशीच बोलत होती.

"मले कवाचं माहीत हाय. गोण्या मीच एक बार सरळ करून ठेवल्या."

"मंग बोलली काहून नाई?"

"भासऱ्याले चोर म्हनू?"

इतक्या वर्षांत तिचं एवढं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला खाली यायला जिना लांब लागला. त्याच संध्याकाळी युनियन खोलून टी काढली आणि पाइप सरळ जोडला. बायकोला सांगितलं, तर तिनं निवडलेली भाजी तशीच उचलून आत नेली.

ती साक्षगंधाला गेली. ती परत यायच्या आत धाकट्यानं स्वतःची मोटर आणि स्वतःची लाइन टाकून घेतली. मला काही विचारलं नाही, आणि विचारावं असं माझ्याकडे उरलंही नव्हतं.

मूर्तिजापूरचे बुंदीचे लाडू तिनं खाली पाठवले. धाकटा दारात उभा राहिला, डबा पुढं केला.

"घ्या," म्हणाला. भाऊ म्हणाला नाही.