मध्ये बोलणाऱ्याचे कपडे शेवटी

माझं तोंड गप्प बसत नाही, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. आमचे हे म्हणायचे, "हिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं तर ही त्यालाच दात कसा काढायचा ते सांगते." खोटं नाही ते. पण आयुष्यात एकदा माझ्या तोंडाला बूच बसलं, आणि ते बसवलं माझ्या वहिनीने. आज वहिनी नाही. तिचं इस्त्रीचं दुकानही नाही, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. पण ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरल्याचा वास कुठे आला, तर अजून मी भर रस्त्यात थबकते.

दुकान ते केवढं! पुढे लाकडी काउंटर, मागे पडदा, पडद्याआड जाड घोंगडी अंथरलेलं टेबल. त्या टेबलाशी वहिनी दिवसभर उभी. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, सायकलवरून गठ्ठे घरोघर पोचवायचा. दुकानाची एक रीत होती. पावती नाही, वही नाही. काउंटरवरच्या माणसाने गिऱ्हाइकाच्या खुणेचा नंबर आणि कपडे मोठ्याने सांगायचे, आणि वहिनीने आतून तेच परत म्हणायचं. "सतरा नंबर, चार शर्ट, दोन चादरी!" आतून लगेच, "सतरा, चार शर्ट, दोन चादरी!" झालं. वहिनीच्या डोक्यात ते कायमचं बसायचं.

आणि या काउंटरवर तिने उभं केलं कुणाला, तर ठमीला. स्वतःच्या मुलीला. पोर नऊ वर्षांची, आणि बोलताना अडखळणारी. थोडंथोडकं नव्हे हो! नुसतं "सतरा" म्हणायचं तर मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे गच्च मिटायचे. शाळा सुटली की ठमी काउंटरवर, आणि समोर रांग.

लोक काही वाईट नव्हते. उलट फार चांगले होते, तोच तर घोटाळा. ठमीने "स... स..." केलं की तिघे-चौघे एकदम ओरडायचे, "सतरा गं, सतरा!" पोरगी सुटल्यासारखी मान हलवायची. एके दिवशी वहिनी पडदा सारून बाहेर आली, एका खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर कोळशाने लिहिलं, "मध्ये बोलणाऱ्याचे कपडे शेवटी," आणि दिलं काउंटरवर टांगून. लोकांना आधी गंमत वाटली. मग दोघांचे कपडे खरोखरच शेवटी झाले, तेव्हा गंमत संपली.

सगळ्यांनी तिला बोल लावले. आमची आई म्हणाली, "पोरीचं चारचौघांत हसं करतेस." दादा म्हणाला, "मी बसतो काउंटरवर, तिला सोड." शाळेतल्या बाई घरी येऊन म्हणाल्या, "आम्ही तिला वाचायला उभी करतच नाही, मागे बसवतो. कशाला तिला त्रास?" वहिनी म्हणाली, "नाही बाई, तिची पाळी आली की उभी करा. वेळ लागला तर लागू दे." बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. चहा तसाच ठेवून गेल्या.

आणि मी? मी तर चारदा माझे कपडे शेवटी करून घेतले. पाचव्यांदा मी कडाडले, "वहिनी, तू आई आहेस की फौजदार? अशाने पोर एक दिवस बोलायचीच बंद होईल."

"वन्सं," ती इस्त्री न थांबवता म्हणाली, "तिचं बोलणं तिचंच राहू दे. लंगडं असलं तरी."

मला ते पटलं नाही. सुट्टी लागली तशी मी ठमीला माझ्या घरी घेऊन गेले, चांगला महिनाभर. म्हटलं, पोरीला जरा माया मिळू दे. आणि खरंच जीव लावला मी तिला. वाण्याच्या दुकानात गेलो की तिच्या वतीने मी बोलायचे. शेजारणीने नाव विचारलं की मी सांगायचे. तिला काय हवं, किती हवं, झोप आली का, सगळं तिच्या डोळ्यांवरून ओळखायचे आणि त्याचा मला केवढा तो अभिमान! पोरगी गोल गुबगुबीत झाली. महिन्याने तिला परत आणली, आणि वहिनीने विचारलं, "काय गं, आत्याकडे मजा केलीस?"

ठमीने मान हलवली. वहिनीने आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या. ठमीने बोटाने दाखवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी उत्तर दिलं. सवयच झाली होती आम्हा दोघींना. वहिनी आधी तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग पोरीची पिशवी उचलून आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तीन दिवस ठमीच्या तोंडून शब्द नाही. चौथ्या दिवशी वहिनीने तिला परत काउंटरवर उभं केलं. मी आत, पडद्याशी घड्या घालत बसलेले. रांग लागली. ठमीने पडदा सारून आत चार बोटं दाखवली.

"मला कळलं नाही," वहिनी म्हणाली आणि पांढरा कोट टेबलावर पसरला.

पोर पुन्हा काउंटरकडे वळून उभी राहिली. रांगेत चुळबुळ सुरू झाली. एक बाई म्हणाली, "काय आई आहे ही!" आणि आपला गठ्ठा उचलून चालती झाली. मागोमाग आणखी एक गेली. माझा जीव तीळतीळ तुटत होता. वहिनीकडे पाहिलं, तर ती पाठ करून उभी, अगदी दगडासारखी. मनात म्हटलं, हिला काळीज आहे की नाही? तेवढ्यात करपल्याचा वास आला.

वहिनीची इस्त्री कोटावर एकाच जागी थांबली होती. धूर निघत होता आणि तिला पत्ता नव्हता. तिचे कान काउंटरकडे होते. इस्त्रीवरची बोटं पांढरी पडलेली, ओठ हलत होते, न सांगता आलेला एकेक शब्द ती आतल्या आत म्हणत होती. वीस वर्षांत तिने कुणाचा रुमालसुद्धा जाळला नव्हता. मी इस्त्री उचलली तेव्हा कुठे ती भानावर आली. ओठावर आलेला शब्द गिळणं मला महिनाभर जमलं नाही, ते ही बाई रोज चार-चार तास करत होती.

कोट बँडमास्तरांचा होता. संध्याकाळी सहाला त्यांना वाजवायला जायचं होतं, आणि ते तेवढ्यात दारात हजर. हे गृहस्थ म्हणजे नाकावर राग. रांगबिंग न मानता काउंटरवर थाप मारून म्हणाले, "कोट!"

धुराच्या वासाने ठमीने पडदा सारला होता. तिने कोट पाहिला, आईचा चेहरा पाहिला. मग ती त्यांच्याकडे वळली.

"तु... तु... तु..."

"काय तुतु? कोट कुठाय?"

रांगेतल्या एकाने त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. बँडमास्तरांनी वाचलं आणि मिशीत काहीतरी पुटपुटून गप्प झाले.

आता वहिनीला राहवेना. ती पडद्याबाहेर धावली. "साहेब, माझ्या हातून कोट..."

"आई!" ठमीने हात वर केला. तिचे डोळे गच्च मिटलेले, मानेवरच्या शिरा ताठ. "म... मध्ये बो... बोलू नको. मी सां... सांगतेय ना!"

वहिनी जागच्या जागी थांबली. आम्ही सगळेच थांबलो.

"तु... तुमचा कोट ज... ज... जळला," ठमी म्हणाली. "आईने क... कधी कुणाचा जा... जाळला नाही. आज जळला."

बँडमास्तरांनी कोट हातात घेऊन उलटापालटा केला. मग लहान मुलासारखे म्हणाले, "मग आता मी घालू काय?"

"श... शर्ट घाला. आई क... कडक इस्त्री करून देते. ब... बसा."

आणि काय सांगू, ते बसले! मुकाट्याने बाकावर बसले.

ठमी आजही अडखळते. चमत्कारबिमत्कार काही झाला नाही. एका बँकेत खिडकीवर बसते, तिला वेळ लागतो, लोक थांबतात. न थांबणाऱ्यांना ती थांबवते.

त्या संध्याकाळी दुकान आवरल्यावर मी वहिनीजवळ गेले. आयुष्यात कुणाची माफी मागायची सवय नाही मला. "वहिनी," म्हटलं, "मी पोरीचं..." आणि पुढे अडखळले. शब्दच फुटेना. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, असू द्या हो वन्सं, आणि मी सुटले असते. वहिनी म्हणाली नाही. इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली. किती वेळ गेला कोण जाणे.

"मी पोरीचं बोलणं खाल्लं," मी म्हटलं.

"हो," वहिनी म्हणाली, आणि मला जवळ घेतलं.