शेजारचा श्वास

आमच्या वृंदगानात एक नियम आहे. शेजारची बाई श्वास घेत असेल, तेव्हा आपण घ्यायचा नाही. लांबलेला सूर कुणा एकीच्या छातीत मावत नाही, म्हणून आळीपाळीने, चोरून दम घ्यायचा. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो.

आई गेल्यानंतर काल पहिल्यांदाच चर्चमागच्या हॉलमध्ये तालमीला गेले. गाणं आनंदाचं होतं, सगळी माणसं एकच आहेत असं सांगणारं. शब्द पाठ होते, ते आपोआप येत राहिले. रडू येत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. दात काढताना बधिर केलेल्या हिरडीवरून जीभ फिरवावी, तसा तो आनंद मला लागत होता. आहे एवढं कळत होतं.

शेवटच्या लांब सुरावर मी गप्प झाले. दम घ्यायला नव्हे, नुसतीच. तोंड मात्र उघडं ठेवलं. सूर चालूच राहिला. वाटलं, माणसांची एकी म्हणतात ती हीच असावी. एखादी गप्प झाली तरी कुणाला कळत नाही. त्याचं वाईटही वाटलं नाही.

मग शेजारच्या मार्थाताईंकडे लक्ष गेलं. चेहरा लाल झालेला, मानेची शीर ताठलेली, तरी त्या दम घेईनात.

तालीम संपल्यावर मी विचारलं, "एवढं कशाला ताणलंत?"

"तू दम घेत होतीस ना," त्या खोकत म्हणाल्या. "तुझा होईपर्यंत थांबले होते."