कोडमधलं निवारण

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील कामगारांसाठी ती लिहायचे, मी घड्या घालायचे. त्यांची एकच शिस्त: पगारातल्या कपातीला कपातच म्हणायचं, 'समायोजन' नाही. ती शिस्त घेऊन मी उल्हासनगरात, जीन्सच्या दुकानावरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात कोड लिहायला लागले.

कोडमध्ये प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं आणि त्याचे नियम कडक. नाव आकड्याने सुरू करायचं नाही, मध्ये जागा सोडायची नाही, भाषेने स्वतःसाठी राखलेले शब्द वापरायचे नाहीत. एवढंसं चुकलं तरी प्रोग्राम अडतो.

आम्ही एका कंत्राटदाराचं पाण्याच्या तक्रारींचं ॲप सांभाळायचो. चिखलोलीत, आमच्या घरच्या नळाला गटाराचा वास यायला लागला, म्हणून आईने त्याच ॲपवर तक्रार टाकली. आठवडा उलटला आणि तिला मेसेज आला: तक्रारीचे निवारण झाले.

"कोण येऊन गेलं गं? मी तर घरातच होते."

दुसऱ्या दिवशी मी कोड उघडला. निवारण झालं, अशा अर्थाचं इंग्रजी नाव एका ओळीत होतं. आठवडा संपला की प्रोग्राम ते आपोआप खरं धरायचा आणि मेसेज जायचा. कुणी जाऊन पाहिलं का, हे कुठेच विचारलेलं नव्हतं.

मी ते नाव खोडून देवनागरीत लिहिलं: मुदत_संपली. प्रोग्राम मुकाट चालला.

शेजारचा सिनियर वाकून बघत होता. "अरे वा, मराठीत पण चालतं?"

"चालतं. आमच्याच नळाला अजून वास येतोय, आता मेसेजमध्येही हेच जाऊ दे."

"मेसेज क्लायंटचा आहे, मॅडम. आणि नाव बदललं म्हणून तुझ्या नळावर माणूस जाणार आहे का?"

"मग माणूस पाठवायला सांगा त्यांना!"

"सांगून झालं. बोले, ॲप है ना." तो थकल्यासारखा हसला आणि माझ्यासमोरच त्याने जुनं नाव परत टाकलं. तेही तसंच मुकाट चाललं. इतक्या कडक नियमांत, नाव खरं असावं हा नियम कुणी घातलेलाच नाही.

घरी आले तेव्हा आई नळाला फडकं बांधत होती.

"परत टाकली तक्रार. तुमचंच ॲप आहे ना, या वेळी बघतील."

"पत्रक काढू या," वडील म्हणाले.

मी होकारार्थी मान हलवली. आठवड्यानंतर कोणता मेसेज येणार, ते मला पाठ होतं. आईने पातेलं भरलं, नाकाजवळ नेलं आणि गॅसवर ठेवलं.