शेवट बदलायचा नाही

सुकन्या टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीला होती. हुबळीच्या कमरीपेठेत आई हिराबाई आणि धाकटा भाऊ गुंडू यांच्यासोबत राहायची. गुंडू कन्नड नट प्रभंजन याच्या अभिमानी संघाचा, म्हणजे चाहत्यांच्या मंडळाचा, अध्यक्ष. घराच्या तीन भिंतींवर प्रभंजन. चौथी हिराबाईनं बाबासाहेबांसाठी राखलेली.

त्या तीन भिंतींकडं बघत सुकन्यानं कादंबरी लिहिली. एका गायिकेला तिचाच एक चाहता खोलीत कोंडून ठेवतो. रोज तिच्या पाया पडतो आणि जाताना बाहेरून कडी घालतो. शेवटी ती त्याला ठार मारून बाहेर पडते. कादंबरी मराठीत निघाली. फार कुणी वाचली नाही. पुढं २००३ साली बंगळूरच्या एका निर्मात्यानं तिच्यावरून कन्नड चित्रपट काढला. सुकन्यानं एकच अट घातली, मला विचारल्याशिवाय शेवट बदलायचा नाही. त्यानं मान्य केलं. चाहत्याचं काम केलं प्रभंजननं.

संघाला एवढंच कळलं, की प्रभंजनअण्णाचा नवा चित्रपट आला. पहिल्या दिवशी पोरांनी टॉकीजसमोर भला थोरला कटआउट उभा केला. बांबूवर चढून त्याच्या डोक्यावर घागरीनं दूध ओतलं. आरती केली. मग पोरं आत जाऊन बसली. बाहेर पडली ती थेट सुकन्याच्या दारात आली.

"अक्का, अण्णाला मारलंस तू," गुंडू म्हणाला.

"मी कुठं? त्या बाईनं मारलं."

"सकाळी दुधानं न्हाऊ घातलेला माणूस दुपारी मरतो होय? गावात तोंड कसं दाखवायचं आम्ही?"

"दूध ओतायच्या आधी पुस्तक वाचायचं होतंस. किती वर्षं तुझ्या उशाशी पडलंय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. गुंडूनं वळून बघितलं.

पोरांचं म्हणणं साधं होतं. गायिकेनं अण्णाला माफ करावं, त्याच्याशी लग्न करावं. निर्मात्याचाही फोन आला.

"मॅडम, थोडंसं शूटिंग करून शेवट जोडतो. तुम्ही फक्त हो म्हणा. नाहीतर हे लोक चित्रपट उतरवतील."

"उतरवू देत."

"पण शेवट बदलला तर तुमचं काय जातंय?"

"ती बाहेर आलीय. मी तिला परत आत ढकलणार नाही."

तिनं फोन ठेवला. गुंडू दारातच उभा होता.

"अक्का, संघ मला काढून टाकेल."

"टाकू दे. जेवायला बस."

त्याच आठवड्यात चित्रपट उतरला. शेवटच्या खेळाला सुकन्या आईला घेऊन गेली. खाली संघाची पोरं हुर्यो करायला बसली होती. दार उघडून गायिका उन्हात आली आणि खालून शिव्या सुरू झाल्या. बाल्कनीत सुकन्या उठून उभी राहिली. तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. खालची डोकी वर वळली.

"बस की गं," हिराबाई पुटपुटली.

सुकन्यानं आणखी एक मारली.