राखणदारणीचे हात

चौसाळ्यात हायवेच्या कडेला वनमालाबाईंचं शिवणकामाचं दुकान आहे. एकदा त्यांच्याकडे ब्लाउज शिवला की बाई दुसऱ्या शिंप्याकडे जात नाही. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, बोलणं मोजकं. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून उजवा खांदा धरलेला. वरच्या फळीवरचं कापड काढायचं तर त्या स्टूल घेतात, हात उंच करत नाहीत. अशा बाईंना कॉस्प्लेचा नाद लागेल, असं गावात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

नाद लावला तो भाचीनं. आरोही संभाजीनगरला कॉलेजात शिकते. एखादं कल्पनेतलं पात्र निवडायचं, त्याचा पोशाख आपल्या हातानं करायचा आणि मंचावर तेच होऊन वावरायचं, हा तिथल्या पोरांचा खेळ तिनं मावशीला मोबाइलवर दाखवला. बाईंनी फोटो मोठे करून आधी शिलाई पाहिली.

"ह्या पोराच्या अस्तराला सुरकुत्या हायेत," त्या म्हणाल्या.

"मग तूच ये की आमच्या कॉलेजच्या स्पर्धेला! जोडीनं उतरू."

आरोहीनं थट्टेत म्हटलं, पण वनमालाबाईंनी पात्रही ठरवून टाकलं. लहानपणी त्या ज्वारीच्या रानात मचाणासारख्या माळ्यावर उभ्या राहून पाखरं हाकायच्या. इकडची हाकावी तर तिकडची कणसावर बसायची. तेव्हा वाटायचं, साऱ्या रानावर सावली पडेल एवढे हात हवे होते. आता तेच हात करायचे. बाई राखणदारीण, आरोही पाखरू. पाखरू मंचभर उडणार आणि राखणदारणीनं शेवटपर्यंत हात वर धरून त्याला अडवायचं. हात खाली आले की खेळ संपला.

पुरुषभर उंचीचे ते हात बाईंनी आपल्या सवयीनं केले. कापड बेतलं, बोटं शिवली आणि गादीसारखा कापूस ठासला. दिसायला सुरेख झाले. घालून उभ्या राहिल्या आणि खांद्यातून अशी कळ गेली की खाटेवर बसल्या.

नवरा, गहिनीनाथ, दारातून बघत होता. "इतके मोठाले हात कावून पायजेत तुला? कामाला दोन कमी पडायलेत का?"

"तुमी भांडी घासली असती तर पुरले असते," बाई खांदा चोळत म्हणाल्या.

हात उसवले, कापूस गेला उशांत. पोकळ पण ताठ असं काही हवं होतं. बाई परसात बसून विचार करत असताना समोर ज्वारीच्या कडब्याची गंजी दिसली. गावातल्या प्रत्येक लेकरानं ज्वारीच्या धांडाची, म्हणजे वाळल्या ताटाची, खेळण्यातली बैलगाडी केलेली असते: धांड सोलायचं, आतलं हलकं, मऊ भेंड बोटभर कापायचं आणि वरच्या सालीच्या काड्या त्यात खोचून जोडायचं. ती गाडी तळहातावर ठेवली तरी वजन कळत नाही. बाईंनी तशीच बोटं जोडली, तसाच पंजा. सालीच्या कमानी वाकवून मनगट गोल केलं. वरून मैद्याच्या खळीनं कागद चिकटवला, त्यावर पातळ मलमल. वाळल्यावर त्यांनी एक हात एका बोटावर उचलला आणि एकट्याच हसल्या.

स्पर्धा दोन दिवसांवर होती. रंग वाळायला हात उन्हात ठेवून बाई दुकानात गेल्या. परत येतात तर घरची म्हैस दावं तोडून आलेली आणि डावा हात अंगठ्यासकट फस्त.

"तिचा काय दोष?" गहिनीनाथ हसू दाबत म्हणाला. "कडबा आन् वर मैदा. पाहुणचारच केला की तू!"

बाईंना रडू आलं, पण ते पदरात पुसून त्यांनी पुन्हा धांडं सोलायला घेतली. या वेळी गहिनीनाथही शेजारी बसला. एका भेंडात काडी खोचून तो ती चाकासारखी फिरवत बसला, तेव्हा बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई. लई वर्सांनी गाडी करायलोय."

नव्या खळीत बाईंनी कडुलिंबाचा पाला वाटून घातला. तयार हात मुद्दाम म्हशीसमोर धरला. तिनं हुंगलं, फुरफुरली आणि तोंड फिरवलं.

स्पर्धेच्या दिवशी मंचावर आरोही रंगीत पंख लावून धावली आणि मागून राखणदारीण आली. हात वर गेले तशी मागच्या भिंतीवर त्यांची सावली पसरली. पोरं ओरडायला लागली. आरोही डावीकडून सुटू पाहायची, मोठा पंजा अडवायचा. उजवीकडे वळायची, दुसरा आडवा यायचा. गहिनीनाथ पहिल्या रांगेत बसून बायकोच्या उजव्या खांद्याकडेच बघत होता. हात मात्र तसूभरही खाली आले नाहीत.

वेळ संपल्याची घंटा झाली. परीक्षक टाळ्या वाजवत उठले. आरोही धापा टाकत मावशीजवळ आली.

"मावशी, संपलं. कर की खाली आता!"

"राहू दे गं," वनमालाबाई म्हणाल्या. "कुठं जड हायेत?"